मुलगी नागपूरला शिकायला चालली : रस्ता, बस आणि अंधार याबद्दल अनुभव हवेत

पळसफूल
नमस्कार मंडळी. आम्ही आर्वी तालुक्यातल्या एका लहान गावचे. घरी कपाशी, तूर, थोडं सोयाबीन. मुलगी बारावी झाली, सतरा पूर्ण. नीटसाठी एक वर्ष आणखी द्यायचं म्हणते आणि नागपूरचा क्लास ठरला आहे. क्लास संध्याकाळी साडेसातला सुटतो. होस्टेल तिथून पायी वीस मिनिटांवर.

घरात महिनाभर हाच विषय सुरू आहे. तिचे बाबा म्हणतात वर्ध्यालाच ठेवू, क्लास जरा साधा असला तरी चालेल. सासूबाई म्हणतात, पोरीच्या जातीले कायले एकटं ठेवता शहरात. पोरगी ताटावर बसते आणि मुकाट्यानं उठते. परवा मी तिला विचारलं, तुला भीती नाही का वाटत? तर म्हणाली, "आई, रस्त्याची वाटते थोडी. पण तुम्ही परत बोलावून घ्याल याची जास्त वाटते. म्हणून काही झालं तरी मी सांगणार नाही."

त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. ज्यांची मुलंमुली खेड्यातून शहरात शिकायला गेली, किंवा जे स्वतः गेले, त्यांनी सांगा. कोणत्या वेळी, कोणत्या रस्त्यानं, कशानं जायचं? खोली घेताना काय पाहायचं? भाषण नको, जे केलं ते लिहा.

संत्राबाग_वरुड
वाचतोय. माझी पोरगी पुढच्या वर्षी याच वाटेनं जाणार. सगळ्यांनी सविस्तर लिहा.

तूरदाळ
ताई, राग मानू नका, पण मला तुमच्या यजमानांचं म्हणणं पटलं. अभ्यास करणारं लेकरू कुठंही अभ्यास करते. रात्री काही झालं तर आर्वीकडून नागपूरला पोचायलाच अडीच-तीन तास. वर्धा जवळ आहे. डॉक्टर होणं एक वर्ष पुढं गेलं तर जग बुडत नाही.

जुना_कंडक्टर
एकतीस वर्षं एसटीत काढली, त्यातली निम्मी मुक्कामी गाडीवर. म्हणून या विषयावर थोडं बोलतो.

रात्री साडेआठ-नऊची शेवटची फेरी. गावं आत असतात, गाडी फाट्यावर थांबते. फाट्यावर एक पिंपळ, एक बंद पानठेला, बाकी अंधार. कॉलेजची पोरगी उतरली की मी डबल बेल देत नव्हतो. आधी विचारायचो, बाई, घ्यायला कोण येऊन राहिलं? बाप नाही तर भाऊ सायकल घेऊन, टॉर्च हलवत दिसला, तिनं "आले बाबा" म्हटलं, की मग दोन घंट्या. कधी पाच मिनिटं, कधी दहा. गाडीतला एकही प्रवासी कधी कुरकुरला नाही. म्हातारी माणसं तर खिडकीतून बाहेर बघत बसायची, टॉर्च दिसला का म्हणून. ड्रायव्हर दिवे चालू ठेवायचा, तेवढाच उजेड.

याचा कुठं नियम लिहिलेला नव्हता. पण मला यातून एक समजलं. पोरगी सुरक्षित राहत होती ती घरी बसून नाही, गाडीतल्या चाळीस माणसांचे डोळे तिच्यावर राखणीला होते म्हणून. जिथं माणूस नाही तिथं धोका. म्हणून ताई, क्लास कोणता यापेक्षा त्या वीस मिनिटांच्या रस्त्यावर साडेसातला माणसं किती, हे पाहा.

निंबोणी
कंडक्टर काका, डोळ्यात पाणी आणलं तुम्ही. आमच्याही फाट्यावर अशी गाडी थांबायची.

मी दिग्रसकडची. नागपुरात चार वर्षं राहिले, आता तिथंच नोकरी करते. पळसफूल ताई, तुमच्या मुलीचं ते वाक्य मी शब्द न शब्द जगले आहे. दुसऱ्या वर्षी एक जण मोटरसायकलवर रोज मागं यायचा. काही बोलायचा नाही, फक्त गाडी हळू करून बाजूनं चालवायचा. तीन आठवडे मी घरी अवाक्षर काढलं नाही. का? कारण मावसबहिणीला अशाच गोष्टीवरून परत नेलं होतं आणि सहा महिन्यांत लग्न लावून दिलं होतं.

मला वाचवलं ते तर्रीपोह्याच्या ठेल्यावरच्या मावशीनं. रोजची गिऱ्हाईक म्हणून ओळख. एक दिवस माझा चेहरा पाहून तिनंच विचारलं. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा ती झारा हातात घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "काय पाहिजे रे बाबू? पोहे घे नाही तर रस्ता धर." आजूबाजूचे चार ऑटोवाले उतरले. तो पुन्हा दिसला नाही.

तर माझा सल्ला असा. होस्टेलची खोली पाहण्याआधी खालचा रस्ता पाहा. किराणा, मेडिकल, झेरॉक्सवाला रात्री नऊपर्यंत उघडा असतो का? पहिल्या आठवड्यात मुलीला घेऊन त्यांच्याशी दोन शब्द बोला. "ही आमची पोरगी, इथं राहणार आहे, लक्ष असू द्या." आपल्या गावाकडच्या माणसाला हे बोलायला लाज वाटत नाही, ती आपली मोठी ताकद आहे. आणि दहा मिनिटं जास्त लागली तरी चालेल, दुकानांचा रस्ता धरायचा. मैदानाच्या कडेचा, लांब भिंतीच्या कडेचा नाही.

झुणका_प्रेमी
+१ निंबोणी. तर्री झणझणीत असली की मावशी पण झणझणीत असते!

नकाशा
निंबोणी, तुमच्या मावशीनं केलं ते जगात मुद्दाम घडवून आणायचे प्रयत्न झाले आहेत. मी नगररचना शिकते, मूळची चिखलीची. इजिप्तच्या कैरोमध्ये २०१० साली हॅरासमॅप नावाचं काम सुरू झालं. छेडछाड कुठं झाली ते बायका मोबाइलवरून कळवायच्या आणि नकाशावर ठिपका पडायचा. पण मला त्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांचे स्वयंसेवक त्या त्या गल्लीत जाऊन दुकानदार, टपरीवाले, इमारतींचे दरवान यांच्याशी बोलायचे : तुमच्या दारात असं झालं तर गप्प बसू नका. म्हणजे ठेल्यावरची मावशी तयार करणं.

दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळ खायेलित्शा ही मोठी गरीब वस्ती आहे, तिथं खून-लूटमार फार. २००५ च्या सुमारास तिथं काम सुरू झालं. लोक स्टेशनवरून घरी पायी येतात त्या वाटेवर थोड्या थोड्या अंतरावर छोट्या उजेडाच्या इमारती बांधल्या. आत दिवसरात्र कोणी तरी माणूस असावा अशी सोय केली. एकीपाशी उभं राहिलं की पुढची दिसते. कंडक्टर काकांचा टॉर्च आणि हे, दोन्ही एकच.

तूरदाळ दादा, तुमच्या मुद्द्याबद्दल. गिरिजा बोरकर या अर्थशास्त्रज्ञांनी दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. त्यात दिसलं की चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळत असूनही मुली कमी दर्जाचं कॉलेज घेतात, प्रवासाला जास्त पैसे मोजतात, फक्त रस्ता सुरक्षित वाटावा म्हणून. मुलांवर ती पाळी इतकी येत नाही. "साधा क्लास चालेल" हे आपण सहज म्हणतो, पण त्याची किंमत पोरगी आयुष्यभर पगारातून भरते. मला हे फार लागतं, कारण आमच्या वर्गातल्या सर्वांत हुशार मैत्रिणीचं हेच झालं.

पांदणवाट
सगळे शहराच्या भीतीबद्दल लिहून राहिले, म्हणून गावाबद्दल लिहिते. आमच्या गावात दहावीनंतर पोरींना तालुक्याला जायचं तर फाट्यापर्यंत दोन किलोमीटर पांदण. दोन्ही बाजूंनी पऱ्हाटी डोक्याच्या वर. ती काय सुरक्षित होती? शेतात निंदायला जाताना, सकाळी अंधारात बाहेर जाताना जे सोसलं ते कोणी अनुभव म्हणून मोजत नाही.

आणि गावात डोळे कमी नाहीत. पण सगळे डोळे राखणीचे नसतात. पारावरचे डोळे पोरगी कोणाशी बोलली, किती वाजता आली, ओढणी कशी होती, हे बघतात. मदतीला उठत नाहीत. मला नागपुरात पहिल्यांदा मोर भवन बस स्टँडच्या गर्दीत उभं राहून मोकळा श्वास आला, कारण तिथं मला कोणी ओळखत नव्हतं. म्हणून ओळखीची माणसं असावीत हे निंबोणीताईंचं म्हणणं खरं, पण कोणती ओळख, तेही पाहा.

निंबोणी
पांदणवाट, अगदी बरोबर. आमच्या होस्टेलच्या खालचा एक काका असाच होता, घरी फोन करून चुगली करणारा. त्याच्यापासून आम्ही लांबच राहायचो.

मेळघाटचा_पोऱ्या
मुलीबद्दल विषय आहे तरी लिहितो. मी धारणीकडचा, कोरकू. पोलीस भरतीच्या तयारीला अमरावतीत आलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. पहाटे साडेचारला धावायला निघायचो. तिसऱ्या दिवशी तिघांनी अडवून मोबाइल घेतला, बोलीवरून हसले, बूटही काढून घेतले. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडून त्याच्या पैशातून घेतले होते ते बूट. अनवाणी खोलीवर आलो.

ठाण्यात गेलो तर मलाच विचारलं, एवढ्या पहाटे तू तिथं काय करत होता? नाव नाही घेत, आता बदलले असतील ते साहेब. घरी सांगितलं नाही. मित्रांना सांगितलं नाही, हसतील म्हणून. पोरगा आहेस, दोन तू पण द्यायच्या होत्या, असं म्हणतात सगळे. आम्ही चौकात चार पोरं उभी राहिलो तरी हाकलतात. बागेत बसलो तरी हाकलतात. मग जायचं कुठं? खोली आठ बाय दहाची आणि तिघं राहतो.

पुढं आम्ही आठ जण एकत्र धावायला लागलो. दोन मुली पण आल्या, त्या म्हणाल्या तुमच्यामुळं आम्हाला मैदान मिळालं. खरं तर त्यांच्यामुळं आम्हाला मिळालं, कारण मुली सोबत धावताना पाहून लोक आम्हाला चोर समजत नव्हते.

जुना_कंडक्टर
पोऱ्या, बेटा, तू लिहिलं हे फार बरं केलं. बूट कोणते लागतात आणि माप काय ते मला मेसेज कर.

मेळघाटचा_पोऱ्या
काका, आता आहेत. भरती झालो मागच्या वर्षी. पण तुमचं वाचून लई बरं वाटलं.

झुणका_प्रेमी
अभिनंदन भाऊ!! आता कोणी पोरगा तक्रार घेऊन आला तर आधी त्याला खुर्ची दे.

मेळघाटचा_पोऱ्या
देतो. पाणी पण देतो.

काळा_डगला
मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो. ताईंची मुलगी सतरा वर्षांची आहे, म्हणून नेमकं सांगतो.

अठराच्या आतल्या मुलाला किंवा मुलीला २०१२ चा पोक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारापासून मुलांचं संरक्षण करणारा कायदा लागू होतो. मुलगेही त्यात येतात, हे अनेकांना माहीत नसतं. वाईट हेतूनं वारंवार पाठलाग करणं, पाळत ठेवणं, संपर्क साधत राहणं हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे. लेकराचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, आणि गणवेश न घालता. रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. अठरा पूर्ण झाल्यावर मुलीच्या पाठलागासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे. १ जुलै २०२४ पासून ही संहिता लागू आहे. पाठलाग हा वेगळा गुन्हा म्हणून कायद्यात आला तो २०१३ साली, दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या निर्भया प्रकरणानंतर.

"आमची हद्द नाही" असं कोणी म्हटलं तर झिरो एफआयआर मागा. कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, हद्द नंतर ठरते. तातडीला ११२. मुलांसाठी १०९८. हे आकडे मोबाइलमध्ये असतातच, पण तिच्या दप्तरातल्या वहीच्या पहिल्या पानावर पण लिहा. मोबाइलच गेला तर?

संत्राबाग_वरुड
वकील साहेब, धन्यवाद. आजच लिहून ठेवतो.
अवांतर : स्टँडवरच्या संडासांबद्दल कोणी बोला रे. माझी पोरगी तालुक्याला जाते तर सकाळपासून पाणीच पीत नाही. डॉक्टरनं सांगितलं तेव्हा समजलं.

पांदणवाट
संत्राबाग भाऊ, हे अवांतर नाही. कडी नसलेलं दार आणि बंद दिवा, यामुळं आमच्या पिढीच्या कितीतरी पोरी दिवसभर तहानलेल्या राहिल्या.

तूरदाळ
दोन दिवस उत्तर दिलं नाही. विचार करत होतो.

माझी धाकटी बहीण यवतमाळला शिकत होती. दुसऱ्या वर्षाला असताना कोणी तरी तिच्या नावानं चिठ्ठी पाठवली, होस्टेलवर बोभाटा झाला. तिची काही चूक नव्हती हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तरी मीच गेलो आणि तिला सामानासकट घेऊन आलो. बसमध्ये ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. तिला गणित आवडायचं. आता तिची पोरं गणितात पहिली येतात आणि ती कौतुकानं सांगते. चिठ्ठी लिहिणारा मात्र शिकला, नोकरीला लागला.

ताई, वर्ध्याला ठेवा असं मी म्हणालो ते मागं घेत नाही पूर्ण, भीती खरी आहे. पण तुमची पोरगी म्हणते ना, सांगणार नाही म्हणून, तेवढं तेवढं मोडून काढा. माझ्या बहिणीनं त्यानंतर मला आयुष्यात काही सांगितलं नाही.

निंबोणी
दादा...

नकाशा
तूरदाळ दादा, तुम्ही लिहिलंत हे मोठं आहे.

पळसफूल ताई, एक करता येण्यासारखं सांगते. याला सुरक्षा पाहणी म्हणतात. १९८९ साली कॅनडातल्या टोरांटोमध्ये बायकांनी ही पद्धत काढली, आपल्याकडं दिल्लीत जागोरी या महिला संस्थेनं केली. २०१३ मध्ये आलेल्या सेफ्टीपिन या अॅपमध्ये त्याच गोष्टी मोजतात आणि ते बोगोटा, नैरोबीपर्यंत गेलं. कागदावरही होतं. क्लास सुटतो त्याच वेळी तोच रस्ता चालायचा आणि पाहायचं : उजेड आहे का, पुढचं दूरवर दिसतं का, खिडक्या-दुकानं रस्त्याकडं उघडतात का, माणसं आहेत का आणि त्यात बाया किती, चालायला जागा आहे का, बस-ऑटो-मेट्रो जवळ आहे का, पोलीस किंवा पहारेकरी आहे का. शेवटी, तिथं उभं राहून मनाला कसं वाटतं. हा शेवटचा मुद्दाही मोजायचा असतो. आणि मोजणारी तुमची मुलगी हवी, तुम्ही नाही. चालणार ती आहे.

कोलंबियातल्या मेडेयिनबद्दल पण वाचा. १९९० च्या सुमारास जगातल्या सर्वांत रक्तबंबाळ शहरांपैकी एक. २००४ मध्ये डोंगरावरच्या गरीब वस्त्यांना केबलकारनं मेट्रोशी जोडलं, स्टेशनांजवळ वाचनालयं, बागा, दिवे आणले. अभ्यासात दिसलं की तशाच दुसऱ्या वस्त्यांपेक्षा या वस्त्यांत हिंसा जास्त घटली. सगळं श्रेय केबलकारचं नाही, टोळ्यांचं राजकारणही बदललं होतं. पण पोरांना जायला वाचनालय आणि यायला गाडी मिळाली, हे मला फार मोलाचं वाटतं.

जुना_कंडक्टर
गाडीवरून आठवलं. २०२१ च्या दिवाळीत एसटीचा संप सुरू झाला तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत. मागण्या खऱ्या होत्या आमच्या माणसांच्या, ते मी नाकारत नाही. पण त्या महिन्यांत किती पोरींचं कॉलेज बंद पडलं ते मी माझ्या गावात मोजलं आहे. अकरा. त्यातल्या चार परत गेल्याच नाहीत. काळीपिवळीत दाटीवाटीनं बसवून पाठवायला बाप तयार नव्हते. २०२३ च्या मार्चपासून बायांना अर्धं तिकीट झालं, चांगलंच झालं. पण गाडीच नसली तर अर्ध्या तिकिटाचं काय करायचं? संध्याकाळची फेरी टिकवा, एवढं एक मागणं ग्रामसभेत ठरावानं मागा सगळ्यांनी. आगारात असे कागद वाचले जातात, मी पाहिलं आहे.

पळसफूल
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

आम्ही तिघं नागपूरला गेलो. तिचे बाबा आधी गप्प होते. त्यांना तूरदाळ भाऊंचा प्रतिसाद वाचून दाखवला होता, त्यांनी दोनदा वाचायला लावला. संध्याकाळी साडेसातला क्लासच्या दारातून निघालो, लेक पुढं, आम्ही वीस पावलं मागं. तिच्या हातात वही. मी पान समोर ठेवून लिहिते :

दिवे १९, बंद ६. बंद सहापैकी चार शाळेच्या भिंतीला लागून. मेडिकल २, दोन्ही उघडे. फुटपाथवर गाड्या लावलेल्या, चालायला जागा नाही. बायका १४, त्यात भाजीवाल्या ३. कुत्री ५. शाळेच्या भिंतीपाशी : छातीत धडधड. मेडिकलपाशी : ठीक.

ते "छातीत धडधड" वाचून तिचे बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ही भिंत टाळून कसं जाता येते ते पाहू. मागच्या गल्लीतून फिरून गेलो. सात मिनिटं जास्त, पण दोन्ही बाजूंनी घरं, ओट्यावर माणसं, इस्त्रीवाला, एक पिठाची गिरणी. गिरणीवाल्या काकू पुलगावच्या निघाल्या! तिनं तोच रस्ता धरला. भिंतीजवळच्या चार दिव्यांसाठी महापालिकेला खांब क्रमांक लिहून तक्रार दिली, दोन लागले, दोन बाकी आहेत.

आणि एक ठरवलं. तिच्या बाबांनीच तिला सांगितलं, "तू काही सांगितलं म्हणून तुले परत आणणार नाही. आणायचं की नाही ते तूच सांगशील." आजी रागावली आहे अजून, पण गेल्या रविवारी डबा तिनंच बांधून दिला, चकोल्या आणि ठेचा.

काल रात्री सव्वाआठला फोन आला. म्हणाली, आज एक जण ऑटोतून काही तरी बोलला, मी गिरणीत जाऊन उभी राहिले, काकूंनी पाच मिनिटं बसवलं, मग आले. माझे हात थरथरत होते. तोंडापर्यंत आलं होतं, ये बाई घरी. मी विचारलं, ऑटोचा नंबर पाहिला का? म्हणाली, हो, वहीत लिहिला. मग विचारलं, जेवलीस का? म्हणाली, मेसमध्ये आज वांगं आहे, जाते.

संत्राबाग_वरुड
ताई, त्या पानाचा फोटो टाकता का? पोरीला दाखवतो. आम्ही दिवाळीनंतर येऊन आमचा रस्ता मोजतो म्हणतो.

पळसफूल
टाकते भाऊ. ऑटोचा नंबर झाकून टाकते, तो काळा डगला दादांना वेगळा पाठवला आहे.